घर वाढवताना विमा विसरू नका

नवी खोली, बंद केलेली बाल्कनी, गच्चीवरची शेड, सोलर पॅनेल... घराच्या सुधारणेवर लाखो रुपये खर्च करणारी कुटुंबे विमा कंपनीला एक साधे पत्र लिहायला मात्र विसरतात. हा विसर किती महागात पडू शकतो?

मुलाचे लग्न ठरले की घरात पहिला विषय कोणता निघतो? दागिने आणि कार्यालय यांच्याही आधी घरातली मोठी माणसे म्हणतात, ‘‘सून घरात येणार, मग वर एक खोली काढायला नको का?’’ लगेच ओळखीचा गवंडी बोलावला जातो. विटा, वाळू, सिमेंटचे भाव विचारले जातात. भिशीचे पैसे, मुदत ठेव, भविष्यनिर्वाह निधी असे जिथून जमेल तिथून पैसे उभे केले जातात. खिडक्यांचा रंग आणि टाइल्सची नक्षी यांवर घरात चार दिवस वाद होतात. पण या सगळ्या धावपळीत कपाटातली घराच्या विम्याची पॉलिसी बाहेर काढून वाचण्याची आठवण कोणालाही होत नाही.

पुष्कळ घरांत तर आपल्याकडे अशी पॉलिसी आहे, हेच ठाऊक नसते. गृहकर्ज घेताना बँकेने पाचपन्नास कागदांवर सह्या घेतलेल्या असतात. त्यातच विम्याचाही कागद असतो. हप्त्याची रक्कम कर्जातच मिळवली जाते आणि पॉलिसी कर्जाच्या फाइलमध्ये निवांत पडून राहते. तिची आठवण येते ती संकट आल्यावरच.

एका घराची गोष्ट

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, नाशिकला एका निवृत्त गृहस्थांचे बैठे घर आहे. घराचे चटई क्षेत्र, म्हणजे कार्पेट एरिया, ६० चौरस मीटर (सुमारे ६४६ चौरस फूट) आहे. २०२२ साली कर्ज घेताना बँकेमार्फत १० वर्षांची विमा पॉलिसी घेतली. दोन वर्षांनी मुलाचे लग्न ठरले, म्हणून गच्चीवर १५ चौरस मीटरची एक खोली बांधली. स्लॅबचा खर्च परवडेना, म्हणून वर पत्रे टाकले. खोली छान झाली. लग्नही थाटात पार पडले.

पुढच्या मे महिन्यात वळवाच्या पावसाबरोबर मोठे वादळ आले. नव्या खोलीचे पत्रे उडाले, एक भिंत कोसळली, मुलाच्या संसाराचे नवे कपाट आणि पलंग भिजले. कोसळलेल्या भिंतीच्या विटा खाली पडून जुन्या घराच्या खिडक्याही फुटल्या. सगळे घाबरलेले असताना बाईंना एकदम आठवण झाली, ‘‘अहो, आपला विमा आहे ना?’’

पॉलिसी शोधली. कंपनीला फोन केला. सर्वेक्षक, म्हणजे सर्व्हेअर, आला. त्याने टेपने मोजमाप घेतले, फोटो काढले आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘ही वरची खोली केव्हा बांधली? कंपनीला कळवले होते का?’’

या प्रश्नावर घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले, कारण असे काही कळवायचे असते हेच कोणाला माहीत नव्हते. अशा वेळी जुन्या घराच्या खिडक्यांची भरपाई मागता येते, पण जिच्यावर सर्वांत जास्त पैसे खर्च झाले त्या नव्या खोलीची भरपाई पॉलिसीच्या अटीनुसार नाकारली जाऊ शकते. हे कुटुंब काल्पनिक आहे, पण ती अट मात्र खरी आहे.

१० टक्क्यांची रेषा

राहत्या घरांसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एक प्रमाणित पॉलिसी लागू झाली. विमा नियामक प्राधिकरणाने ती सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना बंधनकारक केली. तिच्यातील मूळ अटी सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच असतात. त्यामुळे ग्राहकाला दहा कंपन्यांची दहा प्रकारची बारीक अक्षरे वाचावी लागत नाहीत. पण एका कंपनीची तरी नीट वाचायला हवीत.

भरपाई कशाची मिळणार नाही, याची यादी या पॉलिसीत दिलेली आहे. घराच्या बांधकामात केलेली भर, वाढ किंवा बदल यांच्याबद्दलचे कलम याच यादीत आहे. पॉलिसी सुरू झाली त्या दिवशी किंवा तिचे नूतनीकरण झाले त्या दिवशी घराचे जे चटई क्षेत्र होते, त्याच्या १० टक्क्यांहून अधिक क्षेत्र वाढवणारे बांधकाम विम्यात आपोआप येत नाही. त्यासाठी जादा हप्ता भरावा लागतो आणि कंपनीकडून पॉलिसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. या नोंदीला विम्याच्या भाषेत ‘एंडोर्समेंट’ म्हणतात.

वरच्या उदाहरणात ६० चौरस मीटरचे १० टक्के म्हणजे ६ चौरस मीटर. एखादी छोटी मोरी किंवा कोठीची खोली एवढ्यात बसेल. पण नवी खोली १५ चौरस मीटरची, म्हणजे मूळ घराच्या २५ टक्के होती. ती या रेषेच्या कितीतरी पलीकडे गेली.

याचा अर्थ १० टक्क्यांच्या आतले बांधकाम कळवूच नये, असा मात्र नाही. घराच्या बांधकामात भर घातली, बदल केला, घर भाड्याने दिले किंवा त्याचा वापर बदलला, तर ते लवकरात लवकर कंपनीला कळवण्याची जबाबदारी विमाधारकावरच असते. विम्याचा सगळा व्यवहार परस्पर विश्वासावर चालतो. कंपनीचा माणूस दरवर्षी घर पाहायला येत नाही. तुम्ही लिहून दिलेली माहिती खरी धरूनच ती हप्ता ठरवते. म्हणून कागदावरचे घर आणि जमिनीवरचे घर एकसारखे असायला हवे.

विम्याची रक्कम ठरते कशी?

अनेकांचा समज असतो की घराची बाजारातली किंमत हीच विम्याची रक्कम. मुंबई-पुण्यातला फ्लॅट दीड कोटीचा असेल, तर विमाही दीड कोटीचा हवा, असे त्यांना वाटते. हा समज चुकीचा आहे. बाजारभावात जमिनीची किंमत असते, वस्तीचे महत्त्व असते, स्टेशन किती जवळ आहे हेही असते. आग लागली किंवा भूकंप झाला तरी जमीन जागेवरच राहते. पुन्हा उभे करावे लागते ते बांधकाम. म्हणून विमा बांधकामाच्या खर्चाचा असतो.

हिशेब सोपा आहे. घराचे चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा चालू दर. समजा, दर चौरस मीटरला २२,००० रुपये आहे. मग ६० चौरस मीटरच्या घराचा विमा १३,२०,००० रुपयांचा होईल. नवी खोली धरून ७५ चौरस मीटर झाले की तोच आकडा १६,५०,००० रुपयांवर जाईल. कुंपणाची भिंत, गॅरेज, पाण्याची टाकी, सोलर पॅनेल यांसारख्या गोष्टी घराच्या इमारतीतच धरल्या जातात, पण त्यांचा खर्च या हिशेबात वेगळा मिळवावा लागतो.

पूर्वीच्या अनेक विमा योजनांत आणखी एक अडचण असे. घराची खरी किंमत २० लाख आणि विमा १० लाखांचाच असेल, तर ४ लाखांच्या नुकसानीला २ लाखच मिळत. तुम्ही निम्माच विमा घेतला, म्हणून भरपाईही निम्मीच, असा तो हिशेब होता. ‘भारत गृह रक्षा’मध्ये ही कपात काढून टाकण्यात आली आहे. विमा कमी रकमेचा असला, तरी त्या रकमेच्या मर्यादेपर्यंत नुकसानीची पूर्ण भरपाई मिळते.

मग काळजी कशाची? काळजी त्या मर्यादेचीच. भूकंपात किंवा पुरात सगळे घरच गेले, तर १३,२०,००० रुपयांच्या वर एक रुपयाही मिळणार नाही, मग पुन्हा बांधायला १८ लाख का लागेनात. शिवाय ही पॉलिसी सोडून दुसऱ्या एखाद्या प्रकारची पॉलिसी घेतली असेल, तर तिच्यात कपातीचे जुने कलम आहे की नाही, ते पाहूनच निश्चिंत व्हावे.

दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत विम्याची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. सिमेंट-सळईचे भाव वाढतात, त्यासाठी ही सोय आहे. ती नव्या खोलीसाठी नाही. उलट, दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत एक वेगळाच धोका असतो. वर्षाच्या पॉलिसीत निदान नूतनीकरणाची सूचना येते, तेव्हा घरात केलेले बदल आठवतात. १० वर्षांच्या पॉलिसीत अशी आठवण करून देणारे कोणीच नसते. तिथे आपणच कॅलेंडरवर खूण करून ठेवायला हवी.

भिंत आत नाही, पण सामान आहे

घर सुधारण्याचा अर्थ दरवेळी भिंती वाढवणे असा नसतो. फ्लॅटमध्ये राहणारी माणसे जागा वाढवू शकत नाहीत, म्हणून ती आतून घर नवे करतात. मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, भिंतीतली कपाटे, महागड्या फरशा, एअर कंडिशनर. चार-पाच लाख कसे उडाले, ते कळतही नाही.

विम्यात घराचे दोन भाग असतात. एक इमारत आणि दुसरे घरातले सामान. जमिनीला, भिंतीला किंवा छताला कायमचे जोडलेले ते इमारतीत मोडते, उदाहरणार्थ नळ, बेसिन, वायरिंग. उचलून नेता येते ते सामान, उदाहरणार्थ सोफा, पलंग, टीव्ही, कपडे. ‘भारत गृह रक्षा’मध्ये घराच्या सर्वसाधारण सामानाचा विमा इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपये, इतका आपोआप मिळतो. आपल्या उदाहरणात ही रक्कम २,६४,००० रुपये होईल. सुनेचे कपाट, पलंग, फ्रिज, वॉशिंग मशीन, नवा टीव्ही आणि आधीचे सगळे सामान यांची बेरीज करून पाहा. ती याहून जास्त झाली, तर सामानाची यादी देऊन जादा विमा घेता येतो. दागिने आणि किमती कलावस्तूंसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

भिंतीत बसवलेले किचन इमारतीत धरायचे की सामानात, याबद्दल शंका असेल, तर ती नुकसान होण्याआधीच कंपनीला लिहून विचारावी आणि उत्तरही लेखीच घ्यावे. चटई क्षेत्रावर काढलेल्या साध्या हिशेबात पाच लाखांचे किचन दिसत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

बाल्कनीचे काय? चटई क्षेत्र मोजताना उघडी बाल्कनी धरत नाहीत. पण मधली भिंत काढून ती दिवाणखान्यात मिसळली, तर घराचे चटई क्षेत्र वाढले का, हा प्रश्न उभा राहतो. लहान फ्लॅटमध्ये ४-५ चौरस मीटरची बाल्कनीसुद्धा १० टक्क्यांच्या रेषेला जाऊन भिडते.

काम चालू असताना

घरात काम चालू असते, तेव्हा धोका सर्वांत जास्त असतो. वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात, थिनरचे डबे उघडे असतात, उघड्या वायरी लोंबत असतात, दिवसभर अनोळखी माणसांची ये-जा चालते. आणि नेमक्या याच काळात विम्याच्या मर्यादाही जास्त जाणवतात.

ही पॉलिसी नावानिशी दिलेल्या संकटांपुरतीच असते. आग, स्फोट, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, जमीन खचणे, वाहन किंवा झाड आदळणे, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणे अशी ती यादी आहे. या यादीत नसलेल्या कारणाने नुकसान झाले, तर भरपाई मागता येत नाही. भिंतीतून हळूहळू झिरपणारी ओल, जुनेपणामुळे सुटलेले प्लास्टर किंवा गवंड्याच्या चुकीने तिरपी झालेली भिंत या गोष्टी यादीत नाहीत.

जमीन खचण्याच्या कलमात तर स्पष्टच म्हटले आहे की पाडकाम, बांधकाम, बांधकामातील बदल, दुरुस्ती किंवा खोदकाम यांमुळे जमीन खचून नुकसान झाले, तर ते विम्यात येणार नाही. नव्या बांधकामाचे बसणे, त्याला जाणाऱ्या सर्वसाधारण भेगा, सदोष आराखडा, निकृष्ट माल आणि वाईट कारागिरी यांनाही या कलमात संरक्षण नाही. घराशेजारी पाण्याची टाकी खोदताना जुन्या भिंतीला तडे गेले, तर विम्याकडे बोट दाखवता येत नाही. तिथे जबाबदारी कंत्राटदाराची. म्हणून त्याच्याशी लेखी करार करावा आणि नुकसान झाल्यास ते कोण भरणार, हे त्यात लिहून घ्यावे.

विजेच्या बाबतीतही असाच बारकावा आहे. शॉर्टसर्किटमुळे एखादे उपकरण जळाले, तर त्या उपकरणाची भरपाई मिळत नाही. पण त्यातून लागलेली आग पसरून इतर वस्तू जळाल्या, तर त्यांची मिळते. घरात दोन नवे एअर कंडिशनर आणि गीझर बसवताना जुनीच वायरिंग ठेवणे, म्हणूनच शहाणपणाचे नाही. वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घेणे आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग तपासून घेणे यावर होणारा खर्च कोणत्याही विम्यापेक्षा जास्त उपयोगाचा असतो.

चोरीबाबतही गैरसमज नको. या पॉलिसीत चोरीचे संरक्षण अगदी मर्यादित आहे. विम्यातील एखादे संकट आल्यानंतर त्याच्यामुळे ७ दिवसांच्या आत चोरी झाली, तरच ते मिळते. काम चालू असताना एखाद्या कामगाराने कपाटातला ऐवज लांबवला, तर त्यासाठी घरफोडीचा वेगळा विमा असावा लागतो. आणि काम करताना एखादा मजूर पडून जखमी झाला, तर त्याच्यासाठीही वेगळा विमा असतो. मोठ्या कामात कंत्राटदाराने तो उतरवला आहे का, ते विचारण्यात संकोच कसला?

काम चालू असताना कुटुंब भाड्याच्या घरात राहायला गेले, तर ते भाडेही विमा देत नाही. विम्यातील संकटामुळे घर राहण्यायोग्य उरले नाही, तरच पर्यायी निवासाचे भाडे मिळते.

एका खांबाची किंमत

घराच्या सुधारणेत काही चुका अशा असतात, की त्यांची भरपाई पैशात होऊच शकत नाही. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईच्या घाटकोपर भागातील साईसिद्धी ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावर चाललेल्या दुरुस्तीच्या कामात इमारतीच्या खांबांना धक्का लावला गेला, असा आरोप त्यानंतर झाला. एका मजल्यावरच्या सुधारणेचा परिणाम वरच्या सगळ्या संसारांवर कसा होऊ शकतो, हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले.

फ्लॅटमधली प्रत्येक भिंत नुसती आडोशाची नसते. काही भिंती, खांब आणि तुळया यांच्यावर इमारतीचा भार असतो. दिवाणखाना मोठा दिसावा म्हणून एखादा खांब ‘थोडासा छिलायचा’ हा विचार मनातही आणू नये. गच्चीवर बाग करतानाही असाच विचार हवा. चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद जागेत १५ सेंटीमीटर माती पसरली, तर पाणी घातल्यावर तिचे वजन सुमारे तीन टन होते. दोन हजार लिटरची टाकी भरली की पाण्याचेच वजन दोन टन. छताला एवढे ओझे पेलवेल का, हे गवंड्याला नव्हे, तर संरचना अभियंत्याला, म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचे.

छत आपल्याच भाराने खचले, तर ते विम्याच्या यादीतले संकट नाही. म्हणजे माणसांचा जीव धोक्यात येतोच आणि वर पैसाही हातचा जातो. परवानगीशिवाय केलेले वाढीव बांधकाम महापालिकेने पाडले, तर त्याचीही भरपाई विम्यातून मिळत नाही. शिवाय दाव्याच्या वेळी सर्वेक्षक मंजूर नकाशा मागू शकतो. म्हणून सोसायटीची लेखी परवानगी आणि पालिकेची मंजुरी या दोन्हींच्या प्रती पॉलिसीसोबतच ठेवाव्यात.

सोसायटीत राहणाऱ्यांनी आणखी एक चौकशी करावी. संपूर्ण इमारतीचा विमा सोसायटीने उतरवला आहे का? असल्यास किती रकमेचा? तो सहसा इमारतीचाच असतो, प्रत्येक घरातल्या सामानाचा नसतो. सोसायटीचा विमा आणि आपला विमा एकमेकांना पूरक आहेत की दोन्हींमध्ये तीच गोष्ट दोनदा धरली आहे, ते सचिवांना भेटून समजून घ्यावे.

सोलर पॅनेल आणि वापरातला बदल

केंद्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत ‘पीएम सूर्य घर’ योजना सुरू केल्यापासून घराच्या छतावर सोलर पॅनेल बसवण्याकडे अनेक कुटुंबे वळली. पॅनेल ही घराच्या इमारतीतच धरली जाणारी वस्तू आहे. पण पॉलिसी घेतल्यानंतर ती बसवली असतील, तर त्यांची किंमत विम्याच्या रकमेत आलेली नसते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाने छतावरची कौले आणि पत्रे कसे उडवले, ते कोकणातले लोक विसरलेले नाहीत. छतावर एखादी महागडी वस्तू बसवताना वाऱ्याचा विचार आणि विम्याची नोंद दोन्ही बरोबरच करायला हवे.

कधी कधी घर वाढते ते भाडेकरूसाठी किंवा व्यवसायासाठी. गॅरेजमध्ये ब्युटी पार्लर सुरू होते, वरच्या खोलीत शिकवणी वर्ग भरतात, मागच्या खोलीत मसाले कांडले जातात. घरातल्या गृहिणीने स्वतःच्या पायावर उभे राहणे ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण ही पॉलिसी राहत्या घरासाठी आहे. घराचा वापर बदलला, तर तेही कंपनीला कळवावे लागते आणि व्यवसायाच्या मालासाठी, यंत्रांसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो.

पत्र कसे लिहावे?

एवढे सगळे वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. उपाय अगदी साधा आहे. काम सुरू होण्याआधी कंपनीला एक पत्र आणि काम संपल्यावर दुसरे पत्र. पत्राचा मजकूर असा असू शकतो:

‘‘महोदय, माझ्या घराची विमा पॉलिसी आपल्या कंपनीकडे आहे. पॉलिसी क्रमांक वर दिला आहे. पॉलिसी सुरू झाली तेव्हा घराचे चटई क्षेत्र ६० चौरस मीटर होते. मी गच्चीवर १५ चौरस मीटरची खोली बांधत आहे. काम अमुक तारखेला सुरू होऊन अंदाजे अमुक तारखेला संपेल. अंदाजे खर्च आणि मंजूर नकाशाची प्रत सोबत जोडली आहे. या वाढीव बांधकामाची नोंद पॉलिसीवर करावी आणि जादा हप्ता किती भरावा लागेल, ते कळवावे. तसेच काम चालू असताना विमा कोणत्या अटींवर लागू राहील, तेही लेखी कळवावे, ही विनंती.’’

पत्र ईमेलने पाठवले, तर त्याची प्रत जपून ठेवावी. हाताने दिले, तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पॉलिसी बँकेमार्फत असेल, तर एक प्रत बँकेलाही द्यावी. एजंटाने फोनवर ‘‘काही काळजी करू नका, मी बघतो’’ असे सांगितले, तरी त्यावर विसंबून राहू नये. दाव्याच्या वेळी तोंडी शब्दाला किंमत नसते. एंडोर्समेंटचा कागद हातात येईपर्यंत पाठपुरावा करावा आणि तो आल्यावर त्यातले चटई क्षेत्र, रक्कम व तारीख तपासून पाहावी.

हे लक्षात ठेवा

* काम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर प्रत्येक खोलीचे फोटो काढा. तारीख दिसेल असे पाहा.
* सिमेंटपासून नळापर्यंत सर्व पावत्या एका फाइलमध्ये लावा. त्यांची छायाचित्रे मोबाइलमध्ये किंवा नातेवाइकांकडेही ठेवा. आग किंवा पूर आला, तर घराबरोबर फाइलही जाते.
* मूळ चटई क्षेत्र आणि वाढलेले क्षेत्र यांचे गणित स्वतः करा. १० टक्क्यांची रेषा ओलांडली जाते का, ते पाहा.
* सामानाची यादी दर दिवाळीच्या साफसफाईत नव्याने करा.
* खांब, तुळई किंवा स्लॅबला हात लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी सल्ला घ्या.
* नुकसान झाल्यास कंपनीला ताबडतोब कळवा. सर्वेक्षकाने पाहण्याआधी मोडतोड झालेल्या वस्तू टाकून देऊ नका. मात्र नुकसान आणखी वाढू नये म्हणून ताडपत्री घालणे, पाणी बंद करणे असे तातडीचे उपाय जरूर करा.
* इमारतीच्या नुकसानीत मलबा हलवण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि वास्तुविशारद, अभियंता यांची फी ५ टक्क्यांपर्यंत या पॉलिसीत मिळू शकते. ती मागायला विसरू नका.

दावा नाकारला तर?

कंपनीने दावा नाकारला, तर कारण लेखी मागावे. पॉलिसीतले कोणते कलम लावले आहे, ते पाहावे. नव्या खोलीसाठी लावलेले कलम जुन्या घराच्या नुकसानीलाही लावले असेल, तर हरकत घ्यावी. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. इतर राज्यांत राहणाऱ्या वाचकांसाठीही त्या त्या विभागाचे लोकपाल आहेत. ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात. त्यासाठी फी द्यावी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. पण तिथेही बोलतात ते कागदच. पोच असलेले एक पत्र अशा वेळी तासभराच्या भाषणापेक्षा जास्त कामाला येते.

नाशिकच्या त्या काल्पनिक घराकडे पुन्हा एकदा पाहू. त्या गृहस्थांनी खोलीसाठी वीट निवडली, टाइल्स निवडल्या, मुलाच्या आवडीचा रंगही निवडला. त्याच आठवड्यात एक पत्र लिहून थोडा जादा हप्ता भरला असता, तर वादळानंतर घरातली माणसे पत्रे गोळा करताना निदान पैशाच्या चिंतेत नसती. घर बांधणे हा मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा खर्च. त्यात भर घालताना गवंड्याला बोलावाल, त्याच दिवशी कपाटातली पॉलिसीही बाहेर काढा. ती वाचायला अर्धा तास पुरेल.